तीनशे घोडे, दोन टायर

१९६४ च्या सुमारास अमेरिकेतल्या जनरल मोटर्समध्ये एक नियम होता: मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घन इंचांपेक्षा, म्हणजे साधारण ५.४ लिटरपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअ‍ॅक विभागातल्या इंजिनिअरांनी पळवाट शोधली. नियम मूळ मॉडेलला होता, गिऱ्हाइकानं वरून मागवायच्या 'ऑप्शन'ला नव्हता. मग टेम्पेस्ट नावाच्या साध्याशा गाडीत त्यांनी मोठ्या गाडीचं ३८९ घन इंची, ६.४ लिटरचं व्ही-८ घातलं आणि त्या ऑप्शनला जीटीओ म्हटलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मध्यम गाडीत दांडगं इंजिन, अशा मसल कारची लाट उठली ती इथून. त्यामुळे जुन्या मसल कारमध्ये दांडगं इंजिन बसवणाऱ्याला कुणी 'गाडी बाटवलीस' म्हणालं, तर मला हसू येतं.

पॉन्टिअ‍ॅकवाल्यांची एक सोय मात्र होती. टेम्पेस्टचं नेहमीचं ३२६ घन इंची इंजिन आणि हे ३८९, दोन्ही बाहेरून सारख्याच मापाची. पिस्टनची धाव तीच, फक्त सिलिंडरचा व्यास मोठा. इंजिन ज्यावर टेकतं ते फाउंडेशनसुद्धा बदलावं लागलं नाही.

इंदुरात मसल कार म्हटलं की जीटीओ कुणाला आठवत नाही, आठवते ती हिंदुस्तान मोटर्सची कॉन्टेसा. तिचा सांगाडा ब्रिटनच्या व्हॉक्सॉल व्हिक्टरचा. तिकडे याच सांगाड्यात ३.३ लिटरचं सहा सिलिंडरी इंजिनही बसत असे. आपल्याकडे त्या ऐसपैस बॉनेटखाली आलं अ‍ॅम्बेसेडरचं १,४८९ सीसीचं, जेमतेम ५० अश्वशक्तीचं. पुढे हिंदुस्तान मोटर्सनं स्वतःच इंजिन बदललं: इसुझूचं १.८ लिटर, ८८ अश्वशक्ती. सोबत पाच गिअरचा नवा गिअरबॉक्सही आला, हे लोक विसरतात.

आता समजा त्याच जागी कुणी तीनशे अश्वशक्तीचं इंजिन ठेवलं. (आकडा गावाला नवा नाही. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी १९३५ साली मागवलेली ड्यूसेनबर्ग एसजे सुपरचार्जरच्या जोरावर ३२० अश्वशक्तीची म्हणून विकली जात होती.) तर गाडी किती जोरात पळेल? हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

इंजिन गाडीला ढकलत नाही. ढकलतो रस्ता, टायरला. टायर रस्त्यावर जेवढ्या जोरानं मागे रेटतो तेवढ्याच जोरानं रस्ता त्याला पुढे रेटतो, आणि या जोराला घर्षणाची मर्यादा आहे. १,६०० किलोची, मागच्या चाकांवर चालणारी गाडी घ्या. जोरात सुटताना तिचं वजन मागे झुकतं, समजा ६० टक्के भार मागच्या दोन टायरांवर येतो. सुक्या डांबरावर साध्या टायरचा घर्षणांक ०.८ धरला, तर रस्ता जास्तीत जास्त सुमारे ७,५०० न्यूटनचा रेटा देऊ शकतो. त्याहून जास्त मागाल तर चाक जागेवर फिरेल, धूर निघेल, पोरं शिट्ट्या मारतील.

शक्ती म्हणजे रेटा गुणिले वेग. तीनशे अश्वशक्तीतली पंधराएक टक्के गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या दात्यांच्या पेटीत) गेली, तर चाकांपर्यंत १९० किलोवॉट, म्हणजे १,९०,००० वॉट पोचतात. त्यांना ७,५०० नं भागा: २५ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. या वेगाखाली अडवणारा टायर आहे, इंजिन नाही. दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनाला हाच हिशेब लावला तर ४५ किलोमीटर येतात. म्हणजे ताशी ४५ पर्यंत, गिअर नीट निवडलेले असतील तर, दीडशेची आणि तीनशेची गाडी बरोबरीनं पळतील. राजवाड्याच्या गर्दीत तर ई-रिक्षाही बरोबरीनं पळते, तो भाग वेगळा. वरच्या टोकालाही फार हाती लागत नाही. हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते, त्यामुळे अश्वशक्ती दुप्पट केली तरी कमाल वेग जेमतेम सव्वापट होतो. खरा फायदा मधल्या पट्ट्यात, साधारण ५० ते १५० मध्ये. तो कायदेशीरपणे अनुभवायला आपल्या भागात जागा एकच, पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक; आणि तो काही हौशी लोकांना फेऱ्या मारायला बांधलेला नाही.

टायर घसरतो तर रुंद टायर घाला, हा पुढचा सल्ला. इथे खरी गंमत आहे. मोठ्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४०० न्यूटन-मीटर असेल, पहिला गिअर २.७ पट आणि डिफरन्शियल ३.७ पट, तर मागच्या अ‍ॅक्सलवर ४,००० न्यूटन-मीटर येऊ पाहतात. साधा टायर त्यातले सुमारे २,५०० च रस्त्याला देतो आणि मग घसरतो. हे घसरणं म्हणजे घरातला फ्यूज उडण्यासारखं आहे: मागचं सामान त्यामुळे वाचतं. चिकट, रुंद टायर घातले की आधी न सोसलेला भार प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसवर, म्हणजे सांध्यावर, डिफरन्शियलच्या दातांवर आणि चाकांपर्यंत जाणाऱ्या हाफ शाफ्टवर येतो. शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असते. व्यास चौथ्या हिश्शानं वाढवला तर ताकद जवळपास दुप्पट. म्हणून अनुभवी मिस्त्री आधी मागच्या अ‍ॅक्सलचं हाउसिंग बदलायला सांगतो. पैसे उकळतोय असं वाटतं, पण तो बरोबर असतो.

अमेरिकी रेसर कॅरोल शेल्बीच्या कोब्रा या गाडीचीही गोष्ट हीच. १९६२ मध्ये एसी या ब्रिटिश कंपनीच्या गाडीत फोर्डचं ४.२ लिटरचं व्ही-८ थोड्या फेरफारानं बसलं. १९६५ मध्ये सात लिटरचं घालायचं ठरलं, तेव्हा चासीच्या नळ्या तीन इंचांवरून चार इंचांच्या कराव्या लागल्या आणि पाटे काढून कॉइल स्प्रिंगा आल्या. गाडी जवळपास नवीच झाली.

ब्रेकचं सांगायलाच नको. ताशी ८० वरून १२० वर गेलात की जिरवायची ऊर्जा सव्वादोन पट, आणि जुने ड्रम ब्रेक तापले की पकड सोडतात.

उष्णतेचं मात्र इंदूरकरांनी मनावर घ्यावं. पेट्रोल इंजिनात इंधनाची ढोबळमानानं एक तृतीयांश ऊर्जा कामाला येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि तेवढीच रेडिएटरनं बाहेर टाकायची असते. रेडिएटरची कुवत पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेर डिसेंबरची २० अंशांची हवा असेल तर फरक ७५ चा. मेमध्ये ४२ असेल तर ५३ चा. तोच रेडिएटर तीस टक्के दुबळा झाला. त्यात आपण समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, हवा पाचेक टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनाचे तीनशेतले वीस-पंचवीस घोडे मेच्या दुपारी असेही गायब असतात.

इंधनाचाही असाच तिढा. कार्ब्युरेटरच्या जुन्या पंपाचा दाब अर्ध्या बारच्या आत, आणि आजच्या इंजेक्शनवाल्या, जनरल मोटर्सच्या एलएस व्ही-८ ला चार बार लागतात. पंप, नळ्या, टाकी, वायरिंग, सगळं नवं.

शेवटी आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार परवानगीवाचून इंजिन बदलता येत नाही, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलं. २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली, पण इंजिन, चासी, बॉडी मूळ रूपात असेल तरच. पहिल्या कॉन्टेसा १९८४ च्या आसपासच्या. त्यांच्या मालकांनी व्ही-८ शोधण्याआधी २०३४ पर्यंतची वर्षं मोजून घ्यावीत.