बाटलीतली हवा, स्पीकरमधली हवा

घरी हाय-फाय यंत्रणा असणाऱ्या बहुतेकांच्या स्पीकरला पुढच्या किंवा मागच्या बाजूने एक गोल भोक असते. ते कशासाठी, असे विचारले तर 'आतली हवा बाहेर पडावी म्हणून' किंवा 'आतले भाग तापू नयेत म्हणून' अशी उत्तरे मिळतात, आणि काही विक्रेतेही गिऱ्हाइकाला हेच सांगताना मी ऐकले आहे. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची आहे हे समजण्यासाठी लागणारे उपकरण शनिवारी संध्याकाळी चांगली बिअर घेऊन गाणे ऐकत बसणाऱ्याच्या हाताशीच असते, आणि ते म्हणजे ६५० मिलिलिटरची रिकामी झालेली बाटली. बाटली आणि स्पीकरचा खोका ही भौतिकशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीची उपकरणे आहेत.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावरून आडवी फुंकर मारली की एक खोल, घुमणारा स्वर निघतो. शाळेत शिकलेल्या नळीच्या गणिताने हा स्वर काढायला गेलो तर उत्तर साफ चुकते. सुमारे २९ सेंटिमीटर लांबीच्या, एका टोकाला बंद असलेल्या नळीचा मूळ स्वर २९५ हर्ट्झच्या जवळपास यायला हवा. प्रत्यक्षात बाटलीतून १२० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे एका सप्तकाहूनही अधिक खालचा स्वर येतो. याचे कारण असे की बाटलीतली हवा नळीतल्या हवेप्रमाणे वागतच नाही. मानेतली हवा एखाद्या बुचासारखी एकसंध आतबाहेर हलते आणि पोटातली हवा त्या बुचाखालच्या स्प्रिंगचे काम करते. बूच आत दबले की पोटातला दाब वाढतो आणि बूच बाहेर ढकलले जाते. बाहेर गेले की दाब उतरतो आणि ते पुन्हा आत ओढले जाते. १२० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ तीन मीटर असल्यामुळे एवढ्याशा बाटलीत दाब सगळीकडे एकाच वेळी चढतो आणि उतरतो, आणि म्हणूनच पोटातल्या संपूर्ण हवेला एक स्प्रिंग मानता येते. मानेतल्या त्या बुचाचे वजन केवळ ३० मिलिग्रॅमच्या घरात असते.

या अनुनादकाचा, म्हणजे ठरावीक स्वरालाच घुमणाऱ्या पोकळीचा, पद्धतशीर अभ्यास हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने केला. तो मुळात वैद्यकाचा माणूस होता. वेगवेगळ्या मापांचे पोकळ गोळे कानाला लावून कोणत्याही स्वरातले उपस्वर एकेक करून वेगळे ऐकण्याची त्याची पद्धत १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात सविस्तर मांडलेली आहे. त्याचे सूत्र शब्दांत सांगायचे तर मानेचे क्षेत्रफळ घ्यावे, त्याला पोटाच्या घनफळाने आणि मानेच्या लांबीने भागावे आणि वर्गमूळ काढावे. वारंवारता त्या प्रमाणात बदलते. म्हणजे आतली हवा चौपट झाली की स्वर बरोबर एक सप्तक खाली येतो. बाटलीत १६० मिलिलिटर हवा असताना साधारण २४० हर्ट्झचा स्वर निघतो आणि बाटली पूर्ण रिकामी होईपर्यंत तो १२० हर्ट्झवर उतरतो. जलतरंगात नेमके उलटे होते, कारण तिथे वाडग्याची कड हलते आणि तिला पाण्याचे ओझे सोबत हलवावे लागते. त्यामुळे पाणी वाढवले की स्वर उतरतो. त्याच बाटलीवर बाहेरून चमच्याने टिचकी मारली तर बिअर जितकी जास्त तितका स्वर खाली, आणि तोंडाने फुंकले तर बिअर जितकी जास्त तितका स्वर वर, असे दोन्ही परिणाम एकाच बैठकीत तपासून पाहता येतात.

आता स्पीकरकडे वळू. वूफरचा, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या भागाचा, कोन (शंकूसारखा पडदा) पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. कोनाच्या दोन्ही बाजूंनी सारख्याच ताकदीचा, परंतु परस्परविरुद्ध ध्वनी निघत असतो. खालच्या स्वरांची तरंगलांबी काही मीटर असल्याने हे दोन्ही ध्वनी कोनाच्या कडेवरून वळून एकमेकांना भेटतात आणि नाहीसे करतात. खोक्यातून काढलेला उघडा वूफर वाजवून पाहिला तर बास जवळजवळ ऐकू येत नाही, त्याचे कारण हेच. यावरचा सरळ उपाय म्हणजे मागचा ध्वनी बंद खोक्यात कोंडून टाकणे. अमेरिकेत एडगर विल्चर यांनी १९५४ साली याच पद्धतीचा अत्यंत सुबक स्पीकर तयार केला आणि त्यात कोंडलेल्या हवेलाच कोनाची स्प्रिंग बनवले. मात्र बंद खोक्यात कोनाची निम्मी मेहनत वाया जाते.

ती मेहनत वापरण्याची युक्ती बेल लॅबोरेटरीजमधल्या अल्बर्ट थुरास यांना त्याआधीच सुचली होती. त्यांनी १९३० साली पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३२ साली ते मंजूर झाले. युक्ती अशी की खोक्याला एक भोक पाडून त्यात नळी बसवायची, म्हणजेच खोक्याची बाटली करायची. परंतु इथे एक प्रामाणिक शंका उभी राहते. मागचा ध्वनी जर पुढच्याच्या विरुद्ध असतो, तर तो भोकातून बाहेर आल्यावर पुढच्या ध्वनीला मारणार नाही का? या विषयातले सगळ्यात सुंदर उत्तर या शंकेला आहे, आणि ते मिळवण्यासाठी एक रबर बँड आणि किल्ल्यांचा जुडगा पुरतो.

रबर बँडला किल्ल्या लटकवून वरचे टोक हातात धरा. हात अगदी सावकाश वरखाली केला तर किल्ल्या हाताबरोबरच वरखाली होतात. हळूहळू वेग वाढवत नेला की एक वेळ अशी येते की हात जेमतेम हलतो आणि किल्ल्या मात्र जोरात उसळतात, हा अनुनाद. त्याहूनही वेग वाढवला तर हात वर जाताना किल्ल्या खाली येतात आणि हात खाली येताना किल्ल्या वर जातात. अनुनादाचा बिंदू ओलांडताच हालचाल उलटी होते. इथे हात म्हणजे कोन, रबर बँड म्हणजे खोक्यातली हवा आणि किल्ल्या म्हणजे नळीतली, अर्थात पोर्टमधली हवा. खोका आणि नळी यांच्या मापाने ठरलेल्या अनुनादाच्या वारंवारतेच्या खाली कोन आत गेला की पोर्टमधली हवा निमूटपणे बाहेर येते आणि दोन्ही ध्वनी एकमेकांना मारतात. त्या वारंवारतेच्या वर मात्र चाल उलटते: कोन बाहेर येतो तेव्हा पोर्टमधली हवाही बाहेर येते आणि दोघांचे ध्वनी एकमेकांत मिळतात. मागचा विरुद्ध ध्वनी अनुनादाने सुलटा करून दिला जातो.

वीस लिटरचा खोका, पाच सेंटिमीटर व्यासाची आणि बारा सेंटिमीटर लांबीची नळी असे धरले तर हेल्महोल्ट्झच्या सूत्राने ४३ हर्ट्झ येतात. माझ्या घरचे स्पीकर साधारण याच मापाचे आहेत. त्यांच्यावर ४३ हर्ट्झचा सलग स्वर लावला की खोली भरून जाते, पण वूफरकडे पाहावे तर तो जवळजवळ स्थिर असतो. बोट टेकवले तरच हलकी थरथर जाणवते. पोर्टच्या तोंडाशी उदबत्ती धरली तर धुराची रेघ तिथे पोहोचताच विस्कटून जाते. स्वर ६० हर्ट्झवर नेला की कोनाची हालचाल पुन्हा डोळ्यांना दिसू लागते. म्हणजे सर्वांत खालचा बास कोन वाजवत नाही, तर पोर्टमधली जेमतेम ०.४ ग्रॅम हवा वाजवते. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा आहे, तर काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा. त्यामुळे शास्त्रीय गायनासाठी असा मध्यम आकाराचा स्पीकर भरपूर होतो, असे माझे मत आहे.

ही ०.४ ग्रॅम हवा फुकट काम करत नाही. सहा-साडेसहा इंची कोनाचे क्षेत्रफळ पोर्टच्या सुमारे सातपट असते, म्हणून कोनाने पाच मिलिमीटर सरकून जेवढी हवा ढकलली असती तेवढीच ढकलायला पोर्टमधल्या हवेला ३५ मिलिमीटर सरकावे लागते, आणि ४३ हर्ट्झला तिचा कमाल वेग सेकंदाला नऊ-दहा मीटरवर जातो. हा वेग पंधरा-वीस मीटरच्या पुढे गेला की कडेशी भोवरे तयार होऊन फसफस ऐकू येते. चांगल्या स्पीकरच्या पोर्टचे तोंड कर्ण्यासारखे रुंदावलेले असते ते यासाठीच. दुसरी किंमत अशी की ठरलेल्या वारंवारतेच्या खाली स्पीकरचा आवाज बंद खोक्याच्या दुप्पट उताराने, म्हणजे दर सप्तकाला २४ डेसिबलने घसरतो आणि कोनामागचा हवेचा आधारही नाहीसा होतो. किंचित वाकलेली एलपी वाजवताना वूफर भीती वाटावी इतका आतबाहेर होतो आणि त्यातून काहीच ऐकू येत नाही, हे अनेकांनी पाहिले असेल; अशा वेळी अँप्लिफायरवरचा सबसॉनिक फिल्टर, म्हणजे ऐकू न येणाऱ्या अतिखालच्या वारंवारता अडवणारी सोय, चालू करावा.

पोर्टचे माप अंदाजाने ठरवण्याचे दिवस ऑस्ट्रेलियाने संपवले. तिथले अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२-७३ मध्ये वूफर, खोका आणि पोर्ट यांचे मिळून एक गणित मांडले. आज कोणत्याही वूफरच्या माहितीपत्रकात थील-स्मॉल आकडे छापलेले असतात आणि त्यांवरून घरबसल्या खोका आखता येतो.

स्पीकरच्या खोक्यात भरतात त्या पॉलिस्टरच्या कापसाची कथा तर याहूनही जुनी आहे. न्यूटनने १६८७ साली हवेतल्या ध्वनीचा वेग काढला तो सेकंदाला ३०० मीटरहूनही कमी आला. खरा वेग वीस अंश सेल्सिअसला ३४३ मीटर आहे. दाबली जाणारी हवा क्षणभर तापते आणि त्यामुळे अधिक ताठ होते, हे त्याच्या हिशेबात नव्हते. ते पुढे लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने दाखवून दिले, आणि हा ताठपणा १.४ पट असतो. बंद खोक्यात कापूस भरला की त्याचे तंतू ती उष्णता लगेच शोषून घेतात आणि हवा तापू शकत नाही. मग ध्वनीचा वेग न्यूटनच्या आकड्याकडे उतरतो, हवेची स्प्रिंग मऊ होते आणि खोका प्रत्यक्षापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो. तत्त्वतः ४० टक्क्यांनी, व्यवहारात त्याहून बराच कमी. मोकळ्या हवेत अपुरा ठरलेला न्यूटनचा हिशेब कापसात जवळपास लागू पडतो. पोर्टच्या खोक्यात मात्र कापूस भिंतींनाच लावावा, कारण नळीच्या वाटेत आला तर तो त्या ०.४ ग्रॅम हवेचीच शक्ती खातो.

ज्या छंदात इतके नेमके विज्ञान उपलब्ध आहे त्यात लोकांनी हजारो रुपये 'दिशा असलेल्या' वायरींवर आणि आवाज 'शुद्ध' करणाऱ्या खड्यांवर घालवावेत, याचे मला मनापासून वाईट वाटते. स्पीकरपर्यंतच्या तीन मीटर लांबीच्या, अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या जोडवायरीचा जाण्यायेण्याचा एकूण रोध ०.०४ ओहम असतो, आणि स्पीकरचा आठ ओहम. हा अर्धा टक्का कमी करण्यासाठी सोन्याचा मुलामा आणि मंतरलेली प्लग-पट्टी घेणे ही अंधश्रद्धाच आहे, मग ती कितीही तांत्रिक भाषेत विकली जावो.

त्यापेक्षा खोलीकडे पाहावे. चार मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद ४३ हर्ट्झलाच येतो, म्हणजे वर सांगितलेल्या पोर्टच्या नेमका डोक्यावर. आपल्या फ्लॅटच्या काँक्रीटच्या भिंती आणि फरशी हा बास जवळजवळ पूर्ण परत फेकतात. भिंतीला टेकून ठेवलेल्या सोफ्यावर तो दणदणतो, तर खोलीच्या बरोबर मधोमध, दोन मीटरवर, तो जवळपास नाहीसा होतो. बऱ्याच स्पीकरसोबत फोमचे बूच येते आणि लोक ते पॅकिंगच्या खोक्यातच विसरतात. ते पोर्टमध्ये बसवले की स्पीकर बंद खोक्याच्या जवळ जातो आणि दणका उतरतो. सोफा भिंतीपासून दोन हात पुढे ओढल्यानेही मोठा फरक पडतो.

राहिला ग्लासातल्या बिअरचा प्रश्न. बिअर घेतल्यावर संगीत अधिक स्पष्ट ऐकू येते, असे अनेक जण ठामपणे सांगतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात ३० जणांची श्रवणक्षमता मद्य घेण्याआधी आणि घेतल्यानंतर मोजली गेली, तेव्हा ती तात्पुरती घटलेली आढळली, आणि वरच्या स्वरांपेक्षा खालच्या स्वरांच्या बाबतीत अधिक. शिवाय मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू रिकिबीच्या हाडाला ओढून धरतो. त्यामुळे तिथली स्प्रिंग ताठ होते आणि, बाटलीच्याच नियमाने, मुख्यतः खालचे स्वर आत जायला अडतात. मद्यामुळे ही प्रतिक्षिप्त क्रिया उशिरा, म्हणजे अधिक मोठ्या आवाजाला सुरू होते. एकीकडे ऐकू कमी येते म्हणून हात आवाज वाढवायला जातो आणि दुसरीकडे कानाचे संरक्षण ढिले पडलेले असते. म्हणून आवाजाची पातळी पहिला ग्लास ओतण्याआधीच ठरवावी आणि नंतर तिला हात लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुभा चार तासांवर येते.