शिंग एक, जनावरं दोन

वर्षातून दोनदा तरी तो फोटो माझ्या फोनवर येतो. करडी चौकोनी मुद्रा, वरच्या बाजूला कुणालाच वाचता न येणारी पाच-सहा अक्षरं, खाली एका शिंगाचं जनावर, आणि त्याखाली मजकूर : ‘युनिकॉर्न युरोपचा नाही, आपला आहे! साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोत…’ गेल्या खेपेला तो नेमका भाचीच्या वाढदिवसाला आला. टेबलावर युनिकॉर्नचा केक होता, त्याला साखरेचं पिळदार शिंग. काकांनी फोन सगळ्यांना दाखवून जाहीर केलं, “बघा, केकसुद्धा आपलाच!” मी तेव्हा गप्प बसले, कारण केक कापायचा होता. आता बोलते.

केकवरच्या घोड्याची ओळख करून देत नाही. सहा वर्षांची मुलगी असलेल्या घरात त्याचे दप्तर, डबा, चप्पल आणि छत्री असे चार नमुने सापडतात. हे गुलाबी-जांभळं रूप अगदी अलीकडचं आहे, एवढं पुरे. (शंभर कोटी डॉलरच्या कंपन्यांना युनिकॉर्न म्हणतात, तो तर आणखी तिसराच प्राणी.)

वरवरचे फरक पटकन उरकते. मुद्रेवरचा प्राणी अंगाने बैल आहे : जड धड, लांब झुपकेदार शेपूट, मानेवर वळ्या, खांद्यावर पिंपळपानासारखी नक्षी. शिंग कपाळातून नाही, डोक्याच्या मागच्या भागातून निघतं आणि बाक घेत वर जातं. युरोपच्या चित्रांतला युनिकॉर्न म्हणजे बकऱ्याची दाढी आणि चिरलेले खूर असलेला पांढरा घोडा. त्याचं शिंग भाल्यासारखं सरळ. मुद्रेवर बाजूने काढल्यामुळे दुसरं शिंग झाकलं गेलं असेल, असंही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. तेच कारागीर वशिंडाचा बैल आणि रेडा बाजूनेच कोरताना दोन्ही शिंगं दाखवतात, शिवाय एका शिंगाच्या मातीच्या छोट्या मूर्तीही सापडल्या आहेत. तेव्हा प्राणी एकशिंगीच आहे. इथवर आपलं भांडण नाही.

लोक अडकतात ते पुढे, नावात. ‘मुद्रेवर युनिकॉर्न आहे असं पुरातत्त्वज्ञच म्हणतात’, हा काकांचा हुकमी एक्का. म्हणतात, खरंच म्हणतात. पण हे नाव मोहेंजोदडोच्या माणसांनी दिलेलं नाही. ते या जनावराला काय म्हणत ते कळायला त्यांची लिपी वाचता यायला हवी, आणि ती अजून वाचली गेलेली नाही. हडप्पाची पहिली मुद्रा ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने १८७५ साली प्रसिद्ध केली, तीही याच प्राण्याची होती. त्याने वर्णन काय केलं? वशिंड नसलेला बैल. ज्याच्या देशाच्या राजचिन्हात सिंहासमोर युनिकॉर्न उभा आहे, त्या माणसाला मुद्रेवर युनिकॉर्न दिसला नाही, बैल दिसला. पुढे विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याचा प्रमुख जॉन मार्शल याच्या काळातल्या उत्खननांत अशा मुद्रा ढिगाने निघू लागल्या. इतक्या, की प्राणी कोरलेल्या मुद्रांपैकी निम्म्याहून अधिक याच प्राण्याच्या आहेत. तेव्हा त्याला हाक मारायला काहीतरी सुटसुटीत हवं होतं, म्हणून युरोपच्या गोष्टीतलं तयार नाव त्याला चिकटवलं. म्हणजे नाव तिकडून इकडे आलं आहे. तेच नाव दाखवून ‘बघा, गोष्ट इकडून तिकडे गेली’ म्हणणं म्हणजे शेजाऱ्याचा सदरा अंगात घालून त्याच्यावर चोरीचा आळ घेणं. मी स्वतः त्या प्राण्याला ‘एकशिंगी’ म्हणते आणि शाळेच्या पुस्तकांनीही तसंच म्हणावं, या मताची आहे.

दुसरी अडचण काळाची. या मुद्रा साधारण इसवी सनापूर्वी २६०० ते १९०० या काळातल्या. युरोपच्या युनिकॉर्नचा पहिला लेखी उल्लेख इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपासचा. मधे पंधराशे वर्षं. अजिंठ्याची शेवटची लेणी खोदली गेली तेव्हापासून आजपर्यंतचा काळ एवढाच होतो. त्या पंधराशे वर्षांत शहरं मोडली, मुद्रा मातीखाली गेल्या आणि एकशिंगी आपल्या कलेतून दिसेनासा झाला. हत्ती टिकला, बैल टिकला, पिंपळ टिकला, हा नाही.

पण गंमत अशी की तो पहिला उल्लेख खरोखरच भारताचा आहे! काकांचं इथे थोडं बरोबर आहे, आणि घोटाळा पक्का होतो तो म्हणूनच. इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता, सम्राट दुसऱ्या अर्तक्षत्राच्या पदरी. भारतात त्याने कधी पाऊल ठेवलं नाही. दरबारात येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकून त्याने भारतावर पुस्तक लिहिलं. ते हरवलं, नंतरच्यांनी काढलेला गोषवारा तेवढा उरला. त्यात तो म्हणतो, हिंदुस्थानात घोड्याएवढी किंवा त्याहून मोठी रानगाढवं आहेत. अंग पांढरं, डोकं गर्द तांबडं, डोळे निळे. कपाळावर दीड हात लांब शिंग : बुडाशी पांढरं, मधे काळं, टोकाला लालभडक. त्या शिंगाच्या पेल्यातून जो पितो त्याला विष बाधत नाही, आकडी आणि फेफरं येत नाही.

ग्रीकांसाठी ही पुराणकथा नव्हती, हे लक्षात घ्या. त्यांच्या देवादिकांच्या कथांत युनिकॉर्न शोधाल तर सापडणार नाही. तो त्यांच्या प्राणिवर्णनांत आहे, दूरदेशीचं खरं जनावर म्हणून. आणि खरं जनावर बहुतांशी कोणतं ते विषाच्या उताऱ्यावरून ओळखता येतं : गेंडा, अधिक थोडं रानगाढव, अधिक ऐकीव तिखटमीठ. गेंड्याच्या शिंगाचे पेले विष ओळखतात, ही समजूत आपल्याकडची जुनी आहे.

‘मग मुद्रेवरचा प्राणीही गेंडाच असेल की!’ नाही. त्याच कारागिरांनी गेंडा वेगळा कोरला आहे, कातड्याच्या घड्या आणि नाकावरच्या शिंगासकट. ध्यानस्थ बसलेल्या शिंगधारी पुरुषाची ती प्रसिद्ध मुद्रा काढून पाहा. हत्ती, वाघ आणि रेड्याबरोबर गेंडा तिथे आहे. आपल्या प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या काशाच्या शिल्पांतही चाकांवरचा गेंडा आहे. त्या लोकांना गेंडा नीट ठाऊक होता. क्टेसियसला नव्हता.

आता माझा मुख्य मुद्दा. मुद्रेवरचा एकशिंगी बघा : समोर एक उंच स्टँडसारखी वस्तू, तिला कुणी धूपपात्र म्हणतं, कुणी गाळणं, आणि तो तिच्यापुढे शांत उभा. भाला नाही, जाळं नाही. ती मुद्रा दोन-तीन सेंटिमीटरची, मऊ दगडात कोरून भाजलेली, मागे दोरी ओवायला भोक. ती ओल्या मातीवर दाबून मालाला मोहोर लावत. तो शिक्क्यावरचा प्राणी आहे. त्याचं शिंग कुणाला कापून हवं होतं असं त्यात काहीच नाही.

क्टेसियसचा प्राणी पहिल्या दिवसापासून मारण्यासाठीच आहे. तो पुढे काय लिहितो बघा. हे जनावर धावत सुटलं की कुणाला सापडत नाही. पण पिल्लांना चरायला नेतं तेव्हा घोडेस्वार त्याला घेरतात. पिल्लं सोडून ते पळत नाही. शिंगाने, लाथांनी, दातांनी घोडे आणि माणसं मारतं, शेवटी बाणांनी आणि भाल्यांनी पडतं. जिवंत हाती लागत नाही. मांस इतकं कडू की खाववत नाही. मारतात ते शिंगासाठी आणि घोट्याच्या हाडासाठी. ते हाड आपण स्वतः पाहिलं, असं क्टेसियस सांगतो : शिशासारखं जड, आतपर्यंत हिंगुळी रंगाचं. म्हणजे जनावर त्याने पाहिलं नाही, माल पाहिला. माल आधी आला आणि जनावर त्याच्यामागे जुळवलं गेलं.

कुमारिकेची गोष्ट सगळ्यांना कोमल वाटते. ती कित्येक शतकांनी आली, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत अलेक्झांड्रियाकडच्या एका ख्रिस्ती प्राणिबोधातून, म्हणजे प्राण्यांच्या गोष्टींतून धर्म शिकवणाऱ्या पुस्तकातून. रानात एक कुमारिका एकटी बसवायची, युनिकॉर्न येऊन तिच्या मांडीवर डोकं टेकतो, आणि मग त्याला धरून राजवाड्यात नेतात. पाद्र्यांनी यात येशूचा अवतार पाहिला. मला यात क्टेसियसचाच डाव दिसतो : आधी पिल्लांची माया, आता मुलीवरचा विश्वास. जे बळाने सापडत नाही ते त्याच्या मायेनेच धरायचं. आणि त्या मुलीला कुणी विचारलं होतं का? शिकारीच्या भाषेत ती आमिष आहे.

भारताशी धागा जोडायचाच असेल तर मुद्रा सोडा आणि इथे जोडा. ऋष्यशृंग आठवा. हरिणीच्या पोटी जन्मलेला, डोक्यावर शिंग असलेला, बाईमाणूस कधी न पाहिलेला ऋषिकुमार. अंगदेशात पाऊस पडावा म्हणून राजा लोमपाद त्याला गणिकांकरवी भुलवून आणतो. बौद्ध कथांत त्याचं एक नाव चक्क ‘एकशृंग’ आहे. ही कथा पश्चिमेकडे जाऊन कुमारिकेची गोष्ट झाली, असं काही अभ्यासक मानतात. सिद्ध झालेलं नाही, पण शिक्क्याच्या फोटोपेक्षा शंभरपट दमदार आहे. फरक एवढाच की आपल्या गोष्टीत पाऊस पडतो, शांतेशी लग्न लागतं आणि शिंगवाला जावई होतो. तिकडे तो मरतो.

कसा मरतो ते न्यूयॉर्कच्या क्लॉइस्टर्स संग्रहालयात बघायला मिळतं. १५०० च्या आसपास विणलेले सात भिंतपडदे आहेत. युनिकॉर्न झऱ्याच्या पाण्यात शिंग बुडवतो, शिकारी घेरतात, तो एका कुत्र्याला शिंगाने फाडतो, त्याला भाले खुपसतात, घोड्यावर टाकून किल्ल्याकडे नेतात. या मालिकेतला जो एकच तुकडा उशांवर आणि कपांवर छापतात, तो कुंपणातल्या, झाडाला साखळीने बांधलेल्या युनिकॉर्नचा. लोक म्हणतात, किती प्रसन्न! पाठीवरचे लाल ओघळ डाळिंबाच्या रसाचे आहेत असं जाणकार सांगतात, आणि ते मी मान्य करते. साखळी मात्र साखळीच आहे.

आणि ते पिळदार शिंग? क्टेसियसच्या वर्णनात पीळ नाही. पीळ आला उत्तर समुद्रातून. नारव्हाल नावाच्या देवमाशाच्या नराचा डावा दात ओठ फोडून बाहेर येतो आणि पीळ घेत अडीच-तीन मीटर वाढतो. ग्रीनलंडकडचे व्यापारी हे दात आणत आणि युरोपात ते युनिकॉर्नचं शिंग म्हणून विकले जात. पुन्हा तेच, माल आधी. विंडसरच्या किल्ल्यातलं असं एक शिंग १५९८ साली एका जर्मन प्रवाशाने पाहिलं, त्याची किंमत दहा हजार पौंडांहून जास्त सांगितली गेली. राजांना विषाची धास्ती, म्हणून पेल्यात शिंगाचा तुकडा बुडवायचा. गरिबाला चिमूटभर भुकटी, किंवा तिच्या नावाखाली दुसरंच काहीतरी. फ्रान्सचा राजशल्यविशारद आंब्रोज पारे याने १५८२ साली या औषधाविरुद्ध लिहिलं. १६३८ साली ओले वर्म या डॅनिश पंडिताने हे दात नारव्हालचे आहेत हे दाखवून दिलं. त्यानंतर तेहतीस वर्षांनी, १६७१ साली, त्याच डेन्मार्कचा पाचवा क्रिश्चन राज्याभिषेकाला ‘युनिकॉर्नच्या शिंगांच्या’ सिंहासनावर बसला. ते सिंहासन आजही कोपनहेगनच्या रोझेनबोर्ग किल्ल्यात आहे, सगळं माशाच्या दातांचं. (देवमासा म्हणजे मासा नव्हे, हे कळतं मला. पण ‘सस्तन प्राण्याच्या दातांचं’ म्हटलं की मजा जाते.)

म्हणजे भाचीच्या केकवर जे होतं तो साखरेचा दात होता.

युनिकॉर्नच्या शिंगाचं औषध अठराव्या शतकापर्यंत युरोपच्या दवावाल्यांकडे टिकलं. गेंड्याच्या शिंगाचं अजून संपलेलं नाही. ते नखाच्याच द्रव्याचं असतं, तरी त्यासाठी काझीरंगात गेंडे मारले गेले. २२ सप्टेंबर २०२१ रोजी आसाम सरकारने जप्तीतली आणि मेलेल्या गेंड्यांची वर्षानुवर्षं खजिन्यात साठवलेली २,४७९ शिंगं बोकाखातला आणली, मंत्रघोष करून चितांवर रचली आणि जाळून टाकली.