गावची सुरी कोणाची? मुलाणी, खाटीक आणि झटक्याचा वाद : पार्श्वभूमी

देशावरच्या गावगाड्यात बोकड कापणं आणि मटण विकणं ही दोन वेगळी कामं होती. सुरी मुलाण्याची, म्हणजे गावच्या मुस्लिम बलुतेदाराची; सोलून, वाटे घालून विकायचं काम खाटकाचं. खाटकासाठी कापलेल्या दर मेंढरामागे दोन पैसे आणि हृदय, असा मुलाण्याचा हक्क 19व्या शतकाच्या पूर्वार्धातल्या नोंदींत दिसतो. देवळापुढचा, शेताच्या बांधावरचा बोकडही तोच कापी, आणि नियत (कापताना म्हणायची मुस्लिम प्रार्थना) म्हटल्याशिवाय ते मटण बहुतेक मराठा घरांत चालत नसे. 1953 च्या कायद्याने गावकीची सेवा इनामं खालसा झाली. बलुत्याच्या जागी रोख मजुरी आली, जत्रेतला मान तेवढा उरला.

मार्च 2025 मध्ये हिंदू खाटकांच्या झटका (एका घावात मान तोडण्याची रीत) दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र आलं, तेव्हा हलाल, म्हणजे मुलाण्याची सुरीने गळा कापण्याची पद्धत, ही गावाला परकी रीत असा सूर लागला. वरच्या नोंदींशी तो जुळत नाही. खाटकाचा धंदा वाढावा ही अपेक्षा रास्तच. पण झटका सोपा नाही. मान एका घावात तुटायला जड कोयता लागतो, मान ताणून धरणारा दुसरा माणूस लागतो. घाव शिंगावर किंवा खांद्यावर बसला की जनावराचे हाल. हलालमध्ये सुरीने श्वासनळी, अन्ननळी आणि दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या एका ओढीत कापतात, मणका सोडतात. बोथट सुरीला तीन-चार ओढी लागतात, हाल तिथेही होतात. कापणी कुठलीही असो, रक्त पुरतं गळू द्यायचं. घाई केली तर मटण काळपट पडतं, लवकर नासतं. कातडं मुठीने सोडवायचं, सुरी लागली की भोक पडून भाव जातो. पित्ताची पिशवी फुटली तर काळीज कडू. आदल्या रात्रीपासून चारा बंद, पाणी चालू ठेवलं तर आतडी रिकामी राहतात आणि पोट साफ निघतं. 25 किलोच्या बोकडाचं मटण साधारण 12 किलो पडतं.

2001 च्या केंद्रीय नियमांत दिवसाला 10 किंवा जास्त जनावरं कापली जातात तोच कत्तलखाना. रविवारच्या दोन बोकडांना ही व्याख्या लागत नाही, पशुवैद्यही सहसा फिरकत नाही. काळजावर पांढरे डाग किंवा बरगडीला चिकटलेलं फुप्फुस दिसलं, तर तेवढा भाग टाकायचा की अख्खं जनावर, हे कापणाराच ठरवतो. झटका की हलाल या भांडणात हा मुद्दा कोणी काढलाच नाही.