डाग होते, वाचले गेले नाहीत

लैंगिक अत्याचारानंतर पुरावा जपा, असं आज सर्रास सांगितलं जातं. पण पुरावा कशाला म्हणायचं, हे भांडण जुनं आहे आणि त्याचं मूळ महाराष्ट्रातच सापडतं.

मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसाने बलात्कार केल्याची तक्रार झाली. वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. अंगावर जखम नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेलं, दोन बोटं सहज जातात, असा शेरा पडला. मुलीच्या कपड्यांवर आणि एका पोलिसाच्या पायजम्यावर वीर्याचे डागही मिळाले होते. पण सत्र न्यायालयाने तिला ‘शरीरसंबंधांची सवय’ असल्याचं धरून १९७४ मध्ये आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. कारणांत एक होतं, अंगावर जखमा नाहीत.

त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत पुण्याच्या वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर होते. आंदोलनं झाली, १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. वैद्यकीय तपासणीची पद्धत मात्र होती तशीच राहिली. तक्रारदार बाईचं चारित्र्य उकरण्याची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं पोटकलम जायला २००३ उजाडलं!

संमती घेऊन, वेळ न दवडता तपासणी करण्याचं कलम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००५ च्या दुरुस्तीने आलं. मुंबईत आरोग्यावर काम करणाऱ्या ‘सेहत’ संस्थेने पालिका रुग्णालयांत पुरावा गोळा करायचं ठरावीक किट आणि नोंदींची पद्धत आणली. २०१३ पासून खासगी रुग्णालयालाही मोफत उपचार नाकारता येत नाहीत. आरोग्य मंत्रालयाची २०१४ ची नियमावली तर बारीकसारीक सांगते: नमुने शक्यतो ७२, फार तर ९६ तासांत घ्यावेत, ओले कपडे वाळवून कागदी पाकिटात सील करावेत. (प्लास्टिकमध्ये ओल कोंडते आणि नमुना कुजतो.) अंघोळ झाली, कपडे धुतले, तरी तपासणी टाळायची नाही. एफआयआर नसला तरी उपचार आणि तपासणी होते.

दोन बोटांच्या चाचणीला, म्हणजे योनीत बोटं घालून ‘सवय’ आहे का ते ठरवण्याला, याच नियमावलीने मनाई केली. तरी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं, की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल आणि वैद्यकीय अभ्यासक्रमातूनही ती काढावी. ती तोवर चालूच होती, हे न्यायालयानेच नोंदवलं आहे.