सोमवारचा मामा, गरी आणि डोपामीन

माझा मामा गोव्यात रायबंदरला राहतो. सोमवारी मासे खात नाही, एकदम कडक, सुक्या बांगड्याचं किसमूर पण त्या दिवशी ताटात चालत नाही. पण गरी, म्हणजे मासे धरायचा गळ? ती सोमवारी पण सुटत नाही. संध्याकाळ झाली की डब्यात आमिषाला सुंगटं (कोळंबी) घेऊन हा मांडवी नदीच्या काठावर हजर, आणि काळुंद्र नाहीतर तामसो लागलाच तर तो जातो शेजारच्या ख्रिश्चन घरी. मामी दर वेळी विचारते, "खायचं नाही तर जाता कशाला?" मामा नुसता हसतो.

आता गंमत अशी की मामीच्या या प्रश्नावर मेंदूवाल्यांनी बरीच वर्षं घातलीयेत. आपण धरूनच चालतो की एखादी गोष्ट आवडते म्हणून ती हवी असते. पण मेंदूत 'आवडणं' आणि 'हवं वाटणं' ही दोन वेगळी खाती आहेत, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'आनंदाचं केमिकल' म्हणून फिरणारं डोपामीन मुख्यतः दुसऱ्या खात्यात कामाला आहे.

हा घोळ तसा जुना. १९५४ मध्ये कॅनडात मॅकगिल युनिव्हर्सिटीत जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली आणि लिव्हर दाबला की तिथे हलकासा करंट जाईल अशी सोय केली. उंदीर तासाला शेकडो वेळा लिव्हर दाबत बसले, काही तर हजारावर गेले. सगळ्यांना वाटलं, सापडलं सुखाचं केंद्र! पण उंदराला मजा येतेय म्हणून तो दाबतोय, की नुसतं 'अजून एकदा, अजून एकदा' होतंय म्हणून, हे बाहेरून कसं कळणार?

ते कळलं उंदराच्या तोंडावरून, खरंच. गोड लागलं की तान्हं बाळ जसं ओठ चाटतं तसंच उंदीर पण जीभ बाहेर काढून चाटतो, आणि कडू दिलं की तोंड वासतो. अमेरिकेत मिशिगन युनिव्हर्सिटीच्या केंट बेरिज यांनी अशा उंदरांवर काम केलं ज्यांच्या मेंदूतलं डोपामीन जवळपास संपवलेलं होतं. समोर खाणं ठेवलं तरी हे उंदीर हलेनात, हाताने भरवलं नाही तर उपाशी मेले असते. पण साखरेचं पाणी थेट जिभेवर सोडलं की? मस्त ओठ चाटले! म्हणजे आवड शाबूत, फक्त उठून चार पावलं जायची इच्छाच गेली. त्या आवडीचं काम मेंदूतली अफूसारखी रसायनं करतात, आणि उंदरात त्याची एक खास जागा जेमतेम एक घन मिलिमीटरची आहे.

मग डोपामीन नक्की कधी उसळतं? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या डोपामीनवाल्या पेशींचे विजेचे सिग्नल ऐकले. आधी ज्यूसचा थेंब मिळाला की पेशी तडतडायच्या, पण दिवा लागला की ज्यूस येतो हे माकडाला कळल्यावर त्या दिव्यालाच तडतडायला लागल्या आणि ज्यूसला गप्प. आणि दिवा लागून ज्यूस आलाच नाही तर नेमक्या त्या क्षणाला पेशी एकदम थंड. पुढे २००३ मध्ये याच टीमला दिसलं की ज्यूस मिळायचा चान्स ५० टक्के असेल, म्हणजे येईल की नाही काहीच सांगता येत नाही, तेव्हा वाट बघतानाची या पेशींची तडतड सगळ्यात जास्त असते. आता गरीची दोरी बोटावर घेऊन बसलेला माणूस आठवा.

यात आपल्या सर्पगंधेचा पण हात आहे बरं का. तिच्या मुळातून रेसर्पिन निघतं, पूर्वी बीपीसाठी सर्रास द्यायचे. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५० च्या दशकात ते सशांना दिलं तर मेंदूतलं डोपामीन आटून ससे कान पाडून गोळा होऊन बसले, आणि मग एल-डोपा, म्हणजे ज्यातून शरीर डोपामीन बनवतं ते, टोचल्यावर थोड्याच वेळात पुन्हा हिंडायला लागले. २००० साली त्यांना नोबेल मिळालं. पार्किन्सनच्या, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या आजाराच्या, पेशंटना आजही एल-डोपा देतात. त्याच आजाराची काही औषधं डोपामीनची थेट नक्कल करतात आणि ती घेणाऱ्या काही जणांना, जे आयुष्यात कधी पत्त्याला शिवले नव्हते, अचानक जुगाराचं वेड लागलेलं डॉक्टरांनी नोंदवलंय. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कसिनोच्या बोटी दिवे लावून बसतात तेव्हा मला हटकून हेच आठवतं. मामाची गरी त्यामानाने फारच स्वस्त.

गेल्या सोमवारी मी बसलो होतो त्याच्या बाजूला. पाऊण तास काही नाही, नुसते डास. मग दोरीला टुकटुक झालं आणि मामा बोलता बोलता अर्ध्या वाक्यात थांबला, मान पुढे, श्वास धरलेला. ओढली तर गरी रिकामी, सुंगट पण खाऊन गेलेलं. तोंड जरा उतरलं, म्हटलं आता उठेल. त्याने माझ्याकडे न बघताच हात लांब केला, "डबा दे इकडे."