दरडी, मराठवाड्यातील

मराठवाड्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आलेल्या लाव्हाच्या थरांचा बनलेला आहे. ग्रॅनाइटी खडक उघडा दिसतो तो नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या बाजूस. लाव्हाचे थर जवळजवळ आडवे असल्याने तिरप्या थरांवरून अख्खा डोंगर घसरत खाली येण्याचे प्रकार येथे सहसा घडत नाहीत. दरड सुटते ती बहुधा दोन थरांच्या सांध्यावर.

हा सांधा अजिंठ्याच्या डोंगरातील किंवा बालाघाटातील घाटरस्त्याच्या कापावर सहज पाहता येतो. वर काळा पाषाण असतो. लाव्हा थंड होताना आकसल्यामुळे त्याला उभ्या भेगा पडलेल्या असतात. त्याखाली विटकरी रंगाचा गेरूचा पट्टा, कुठे वीतभर तर कुठे पुरुषभर जाडीचा. आणि त्याच्याही खाली पांढऱ्या-हिरवट खनिजांचे ठिपके असलेला मऊ, सच्छिद्र खडक, ज्याला विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. पावसाचे पाणी उभ्या भेगांतून उतरते आणि चिकण गेरूवर अडते. मग ते आडवे वाहू लागते, म्हणून भाद्रपदात कापावर नेमकी या पट्ट्याच्या वर ओल दिसते. भेगांत साचलेल्या पाण्याचा दाब पाषाणाचे ठोकळे बाहेर ढकलतो. खालचा मऊ खडक आधीच झिजून आत गेलेला असतो, त्यामुळे अधांतरी राहिलेले ठोकळे एके दिवशी सुटतात. त्या दिवशी पाऊस असलाच पाहिजे असे नाही. भेगेत वाढणारी पिंपळ-उंबराची मुळे हेच काम सावकाश करतात.

कन्नड-चाळीसगाव दरम्यानचा औट्रम घाट हे याचे ठळक उदाहरण. ऑगस्ट २०२१ अखेरच्या अतिवृष्टीत तेथे जागोजागी दरडी कोसळून धुळे-सोलापूर महामार्ग बंद पडला. जवळच्याच पितळखोरे लेण्यांत खडक ढासळून दर्शनी भाग बराच नष्ट झाला आहे. वेरूळ, अजिंठा आणि पितळखोरे ही तिन्ही ठिकाणे लाव्हाच्या खडकातच कोरलेली, पण कोरीवकाम किती टिकले याचा फरक बराचसा थराच्या घट्टपणाचा आहे.

पुणे जिल्ह्यातील माळीण (३० जुलै २०१४) किंवा रायगडमधील इरशाळवाडी (जुलै २०२३) येथे अख्खी वस्ती गाडली गेली. तशी दुर्घटना मराठवाड्यात सहसा होत नाही, याचे श्रेय मात्र खडकाला देऊ नये. खडक त्याच कुळातला आहे. कमी आहे तो पाऊस. सह्याद्रीच्या माथ्यावर काही हजार मिलिमीटर पडतो, येथे सरासरी सातशे-आठशेच्या आसपास. पण तोच पाऊस थोड्या तासांत ओतला की ही सवलत उरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपातील जीवितहानी दगडमातीच्या जाड भिंती कोसळून झाली. तो प्रदेश सपाट असल्याने दरडींचा तिच्याशी संबंध नव्हता.

रस्त्याचा काप उभा घेतला की डोंगराचा पायथाच काढून घेतला जातो. वर लोखंडी जाळी बसवल्याने सुटे दगड अडतात, पण गेरूवर साचलेल्या पाण्याला वाट मिळत नाही. ती कापात छिद्रे पाडून आणि माथ्यावर गटार काढून द्यावी लागते. दुष्काळी भागात पाणी मुरवण्यासाठी डोंगरावर सलग समतल चर खणले जातात. मंद उतारावर ते उपयुक्तच. मात्र तीव्र उतारावर, जाड मुरमाखाली गेरू असेल आणि पायथ्याशी वाडी असेल, तर चर खणण्यापूर्वी जागा भूवैज्ञानिकाकडून तपासून घेणे आवश्यक ठरते.