खुलासा : सिंहगड हे नाव तानाजींच्या आधीचं

रविवारी रामशेज किल्ल्यावरून उतरताना आमच्या नाशिकच्या ग्रुपमधल्या एका काकांनी मुलांना सांगितलं, "तानाजी पडले, महाराज म्हणाले 'गड आला पण सिंह गेला', आणि कोंडाण्याचा सिंहगड झाला." मुलं भारावून ऐकत होती, म्हणून तिथे बोललो नाही. पण हे दुरुस्त व्हायलाच हवं.

कोंडाण्याची लढाई फेब्रुवारी 1670 मधली. शिवाजी महाराजांच्या 1663 सालच्या पत्रात मात्र 'सिंहगड' हे नाव आलेलं आहे, म्हणजे तानाजींच्या मृत्यूआधी सात वर्षं. महाराजांच्या तोंडचं वाक्यही सभासद बखरीत, म्हणजे कृष्णाजी अनंत सभासदांनी लिहिलेल्या महाराजांच्या चरित्रात, वेगळं आहे : "एक गड घेतला, परंतु एक गड गेला." तिथे सिंह नाही. माणूसच गडाएवढा! मला तर हे वाक्य जास्त भिडतं.

मग 'सिंह' इतका घट्ट का बसला? त्याचं मोठं श्रेय हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीला. हरिभाऊंचा जन्म 1864 चा, खानदेशातल्या पारोळ्याचा, म्हणजे आपल्या शेजारचाच. 'करमणूक' साप्ताहिकातून ते हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या लिहीत आणि घरोघरी लोक पुढच्या अंकाची वाट बघत. परक्या अमलाखालच्या वाचकाला स्वराज्य डोळ्यांसमोर दिसावं, ही त्यांची ओढ पानापानांत जाणवते. त्यांनी कादंबरी लिहिली, आपण तिला अस्सल ऐतिहासिक दप्तर समजलो. दोष त्यांचा नाही.

पुढच्या ट्रेकला त्या मुलांना सभासदाचं वाक्य मी स्वतः वाचून दाखवणार आहे.